दिसणे आणि ओळखणे

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून आपल्याला परीक्षेची तयारी, शिष्यवृत्त्या आणि नोकरीच्या वाटा यांविषयी मार्गदर्शन मिळते. ते आवश्यकच आहे. मी मात्र आज त्याच्याही आधीच्या एका गोष्टीविषयी बोलणार आहे. फळ्यावर लिहिलेले आणि तोंडाने सांगितलेले मुलाच्या मनापर्यंत पोहोचते कसे, आणि कधी कधी ते का पोहोचत नाही, हा माझा विषय आहे.

रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी आपण सारे गच्चीवर नाहीतर किनाऱ्यावर चंद्र शोधत उभे असतो. एकाला तो दिसतो. तो बोट दाखवून सांगतो, “तो पाहा, माडाच्या शेंड्याच्या जरा डावीकडे, ढगाच्या खाली.” शेजारचा म्हणतो, “कुठे? मला नाही दिसत.” दोन मिनिटे अशी जातात आणि एकदम त्यालाही दिसतो. मग त्याला नवल वाटते की इतकी ठळक कोर आपल्याला आधी दिसली कशी नाही! कोरीचा प्रकाश त्याच्याही डोळ्यात पडतच होता. प्रकाश डोळ्यात पडणे ही एक गोष्ट, आणि ‘हा चंद्र’ असे कळणे ही दुसरी.

मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत पहिलीला वेदन आणि दुसरीला संवेदन म्हणतात. काही लेखक दुसरीला अवबोध म्हणतात. बी. एड. च्या अभ्यासात या दोहोंतील फरक आम्ही सर्वांनी पाठ केलेला असतो, आणि पाठ केलेल्या गोष्टीचे जे होते तेच त्याचेही होते. म्हणून हे शब्द बाजूला ठेवून मी साधेपणाने ‘जाणवणे’ आणि ‘ओळखणे’ असे म्हणेन.

विद्यार्थी मित्रांनो, घरी करून पाहता येतील असे तीन प्रयोग सांगतो. तीन तपेल्या घ्या. एकीत सोसवेल इतके गरम पाणी, दुसरीत गार, तिसरीत कोमट. डावा हात गरम पाण्यात आणि उजवा गार पाण्यात मिनिटभर ठेवा, मग दोन्ही एकदम कोमट पाण्यात घाला. डावा हात सांगेल पाणी गार आहे, उजवा सांगेल गरम आहे. पाणी एक, माणूस एक, आणि साक्षी दोन! इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात याच गोष्टीचा दाखला दिला आहे. आपली कातडी तापमान मोजत नाही, तापमानातला बदल सांगते.

दुसरा प्रयोग आगपेटीच्या दोन काड्यांचा. त्यांची बोथट टोके एकमेकांजवळ धरून मित्राच्या बोटाच्या टोकाला हलकेच लावा. त्याने डोळे मिटलेले असावेत. टोकांत दोन-तीन मिलिमीटर अंतर असले तरी तो ‘दोन’ म्हणेल. पाठीला लावा, तेथे तीन-चार सेंटिमीटर अंतरावरही तो ‘एकच’ म्हणण्याचा संभव आहे. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट वेबर याने एकोणिसाव्या शतकात अंगाच्या भागाभागांवर अशी मोजणी केली. लुई ब्रेलची अंधांसाठीची लिपी बोटांच्या टोकांनीच का वाचतात, हे यावरून कळते. तिच्यातले ठिपके एकमेकांपासून अडीच मिलिमीटरच्या आसपास असतात.

तिसरा प्रयोग मला सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. कोऱ्या कागदावर डावीकडे फुली काढा आणि तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरवर वाटाण्याएवढा काळा ठिपका काढा. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्याने फुलीकडेच पाहा आणि कागद हळूहळू जवळ आणा. साधारण तीस सेंटिमीटरवर ठिपका नाहीसा होतो. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर ज्या जागेतून मज्जातंतूंची जुडी बाहेर पडते तेथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहीत. फ्रान्सच्या एद्म मारियोत याने सतराव्या शतकात हा अंधबिंदू शोधून काढला. पण खरी गंमत पुढे आहे. ठिपका गेल्यावर त्या जागी भोक दिसत नाही. तेथे पांढरा कागद दिसतो! कागद रेघांचा असेल तर रेघ सलग दिसते. डोळ्याने जे पाहिलेच नाही ते मन आजूबाजूच्या अंदाजाने भरून काढते, आणि आपण शपथेवर सांगतो की आम्ही डोळ्यांनी पाहिले.

या विषयाचा पाया ज्याने घातला त्याचे नाव आपल्या मुलांना ठाऊक असले पाहिजे. आपल्या पूर्वजांच्या नावावर नुसता अभिमान बाळगण्याची सवय मला फारशी पसंत नाही. त्यांनी काय केले ते समजून घेण्याचे कष्ट आपण घेत नाही. म्हणून मी त्याचे काम थोडे तपशिलाने सांगतो.

इब्न अल-हैसम याचा जन्म सुमारे ९६५ साली बसरा येथे झाला आणि सुमारे १०४० साली तो कैरो येथे वारला. युरोपात त्याला अल्हाझेन म्हणत. त्याचा ‘किताब अल-मनाझिर’ हा सात भागांचा ग्रंथ १०११ ते १०२१ च्या सुमारास लिहिला गेला. पुढे त्याचे लॅटिन भाषांतर झाले, आणि १५७२ साली ते बाझल येथे छापले गेले. युनेस्कोने २०१५ हे प्रकाशवर्ष पाळले तेव्हा या ग्रंथाच्या सहस्राब्दीचे स्मरण केले गेले.

त्याच्या आधी युक्लिड आणि टॉलेमी यांच्यासारखे थोर ग्रीक पंडित मानत की डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला जाऊन भिडतात. इब्न अल-हैसमने विचारले की, तसे असेल तर सूर्याकडे पाहिल्यावर डोळ्याला त्रास का होतो? झगझगीत वस्तूकडे पाहून नजर वळवली तरी तिची प्रतिमा डोळ्यांसमोर का रेंगाळते? तेव्हा प्रकाश बाहेरून आत येतो. तो नुसत्या तर्कावर थांबला नाही. एका ठिकाणी त्याने भोकासमोर अनेक दिवे ओळीने ठेवले. भोकातून अंधाऱ्या जागेत भिंतीवर प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका पडला. एक दिवा झाकला की नेमका त्याचाच ठिपका नाहीसा होई, उघडला की परत येई. इतके दिवे एकाच भोकातून येतात आणि तरी त्यांचा प्रकाश एकमेकांत कालवला जात नाही, हे त्याने असे दाखवले.

हे झाले प्रकाशाचे. मला त्याहून मोलाचा वाटतो तो त्याच्या ग्रंथाचा दुसरा भाग. त्यात तो म्हणतो की नुसत्या डोळ्याला जाणवतात त्या दोनच गोष्टी, प्रकाश आणि रंग. अंतर, आकार, आकारमान, गती, खडबडीतपणा, साम्य, सौंदर्य अशा ज्या इतर वीस गोष्टी आपण ‘पाहतो’ म्हणतो, त्या तुलनेने, पूर्वस्मृतीने आणि अनुमानाने कळतात. हे अनुमान इतके झटपट होते की आपण अनुमान केले हेच आपल्याला कळत नाही. दाखला म्हणून तो लहान मुलाचा देतो. मुलापुढे एकाच जातीची दोन फळे धरा, एक सुंदर आणि एक तसे नसलेले. ते सुंदर फळ घेते. त्याने दोहोंची तुलना केली, निवाडा केला, पण तुलना म्हणजे काय हे त्या बाळाला ठाऊकही नाही. दुसरा दाखला वाचनाचा आहे. लिहिता-वाचता येणाऱ्या माणसापुढे ‘अबजद’ हा शब्द आला की तो अलिफ, बे, जीम, दाल अशी अक्षरे वेगळी लावत बसत नाही. शब्दाची आकृती पाहताच तो ओळखतो. पहिलीच्या मुलाला वाचायला बसवणाऱ्या आईबापांनी हा दाखला लक्षात ठेवावा. आपल्याला एका दृष्टिक्षेपात दिसते ते त्याला अजून दिसत नाही. तो एकेक दगड रचत असतो आणि आपण त्याला “भराभर वाच” म्हणून डाफरतो.

त्यालाही सगळे साधले असे नाही. डोळ्यात पडणारे चित्र उलटे असते हे केप्लरने १६०४ साली दाखवले. इब्न अल-हैसम तेथवर गेला नव्हता. परंतु पाहण्यात नकळत केलेले अनुमान असते हा विचार हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६७ साली पूर्ण झालेल्या आपल्या ग्रंथात मांडला, आणि आधुनिक मानसशास्त्राने तो उचलला. मधे सुमारे साडेआठशे वर्षे गेली होती.

उगवता पूर्णचंद्र डोंगराच्या कडेला केवढा मोठा दिसतो आणि डोक्यावर आल्यावर केवढासा होतो! हात लांब करून करंगळीच्या नखाआड तो धरून पाहा. दोन्ही वेळा तो सारखाच झाकला जातो. क्षितिजापर्यंत मधे झाडे, घरे, डोंगर असतात, त्यामुळे मन चंद्र दूर आहे असे धरते आणि मोठा मानते, असे इब्न अल-हैसमने म्हटले. या कारणावर शास्त्रज्ञांचे आजही एकमत नाही. पण फसवणूक आकाशात होत नसून आपल्यात होते, एवढे तर त्याने निश्चित केले.

आता पालकांनी विशेष लक्ष द्यावे. ओळखणे हे मनाचे काम असेल, तर ते शिकावे लागते का, की जन्मताच येते? विल्यम मॉलिन्यू या डब्लिनच्या गृहस्थाने १६८८ साली लॉकला पत्र लिहून एक कोडे घातले. एक जन्मांध माणूस हाताने चाचपून गोळा आणि घन ओळखतो. त्याला एकाएकी दृष्टी आली, तर हात न लावता नुसत्या नजरेने तो गोळा कोणता आणि घन कोणता हे सांगू शकेल का? दोघांचेही मत पडले की नाही सांगू शकणार.

१७२८ साली लंडनचे शस्त्रवैद्य चेझेल्डन यांनी तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलाच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या मुलाला प्रथम वाटे की जे काही दिसते ते आपल्या डोळ्यांना चिकटलेले आहे. घरातले मांजर कोणते आणि कुत्रा कोणता हे त्याला पाहून सांगता येईना. लाजेने तो विचारीनासा झाला. एकदा त्याने मांजराला पकडले, हाताने चाचपले, एकटक पाहून घेतले आणि मगच सोडले, म्हणजे पुढच्या वेळी ते नजरेने ओळखता यावे.

या कोड्याचे नीट तपासलेले उत्तर आपल्या देशात मिळाले आहे. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेतले भारतीय शास्त्रज्ञ डॉ. पवन सिन्हा यांनी ‘प्रकाश’ हा प्रकल्प उभा केला. जन्मापासून न दिसणाऱ्या मुलांवर दिल्लीत शस्त्रक्रिया करायच्या आणि ती मुले पाहायला कशी शिकतात याचाही अभ्यास करायचा, असा त्याचा दुहेरी हेतू. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८ ते १७ वर्षांची पाच मुले होती. पट्टी सुटल्यावर दोन दिवसांच्या आत त्यांच्या हातात खेळण्यातला एक ठोकळा चाचपायला दिला आणि मग दोन ठोकळे दाखवून विचारले, हातात होता तो कोणता? हाताने चाचपून हाताने ओळखताना ती जवळजवळ चुकतच नव्हती. नजरेने ओळखताना मात्र शंभरात अठ्ठावन्न वेळा बरोबर, म्हणजे नाणे उडवल्यापेक्षा थोडे बरे. मॉलिन्यूला उत्तर मिळाले, ‘नाही’. पण ज्या मुलांची काही दिवसांनी पुन्हा चाचणी घेतली, त्यांना ते चांगले जमू लागले होते. या प्रकल्पातल्या मुलांना एकमेकांवर पडलेल्या आकृती वेगळ्या करणेही सुरुवातीला जड गेले. वस्तू हलली की मात्र ती वेगळी उमगे.

मित्रहो, यात आशा आहे आणि इशाराही आहे. आशा अशी की मोठ्या वयातही मन बरेच शिकते. इशारा असा की सगळे शिकत नाही. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल या दोन शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिलांचा एक डोळा पहिले काही महिने मिटून ठेवला. नंतर उघडला तेव्हा डोळा निर्दोष होता, पण त्या डोळ्याने पिलाला दिसेना, कारण मेंदूने त्याची जागा दुसऱ्या डोळ्याला देऊन टाकली होती. मोठ्या मांजरीचा डोळा तितकाच काळ मिटला तर काही बिघडत नसे. या दोघांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या मुलाचेही तसेच आहे. एका डोळ्याचा नंबर फार जास्त असेल, किंवा डोळा तिरळा असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. त्याला आळशी डोळा म्हणतात. चष्मा देऊन आणि चांगला डोळा रोज काही तास झाकून हा डोळा कामाला लावता येतो. सात वर्षांच्या आत उपचार झाला तर गुण चांगला येतो, पुढे तो कमी होत जातो. तिरळेपणा भाग्याचा असतो, मोठेपणी आपोआप जातो, अशा समजुतीने वाट पाहणाऱ्या आजीला हे कोणीतरी नम्रपणे सांगितले पाहिजे. आणि तान्ह्या मुलाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरी झाक दिसली, किंवा फोटोत एक डोळा पांढरा चमकला, तर एक दिवसही न थांबता डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे. तो मोतीबिंदू असू शकतो, क्वचित त्याहून गंभीर आजारही असतो.

कानाचीही हीच कथा आहे, आणि ती आपल्या घरांशी फार जवळची आहे. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ घेतले होते. इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना या दोन ध्वनींतला फरक ऐकू येत होता. त्याच भाषेच्या प्रौढांना तो ऐकू येत नाही. आणि दहा-बारा महिन्यांच्या बाळांतही ती शक्ती बहुतेक गेलेली होती. म्हणजे वर्षाच्या आतच आपला कान घरच्या भाषेचा होतो.

आता आपल्या घरी जेथे उर्दू बोलतात तेथे पाहा. उर्दूत ‘ण’ नाही आणि ‘ळ’ नाही. असे मूल मराठी शाळेत आले आणि त्याने ‘पाणी’ऐवजी ‘पानी’, ‘नळ’ऐवजी ‘नल’ लिहिले की वहीवर लाल फुली पडते आणि शेरा येतो, ‘निष्काळजी’. ‘मन’ आणि ‘मण’ यांतला भेद त्याच्या कानाला अजून ऐकूच येत नसेल तर काळजी तो कशाची घेणार? उलट बाजूने पाहा. आपल्या पोरांना ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय आणि ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा हा फरक सहज ऐकू येतो; माझ्या मराठीभाषक सहकाऱ्यांना दोन्ही ‘क’ सारखेच वाटतात, आणि त्यांना कोणी निष्काळजी म्हणत नाही! फुलीने कान तयार होत नाही, ऐकण्याने होतो. मोठ्या जपानी माणसांना इंग्रजीतले ‘र’ आणि ‘ल’ वेगळे ऐकू येत नाहीत, पण निरनिराळ्या आवाजांत ते पुन्हा पुन्हा ऐकवून सराव दिल्यावर त्यांच्यात सुधारणा झालेली आहे. आमच्या शिशुवर्गात हे दहा मिनिटांचे काम आहे: दोन शब्द म्हणायचे आणि ‘सारखे की वेगळे’ एवढेच विचारायचे. लिहिणे त्यानंतर.

ऐकण्याविषयी आणखी एकच सांगतो. सर्दीने कान वाहणाऱ्या मुलाला महिनोन् महिने कमी ऐकू येते आणि तो ‘ऐकत नाही’ म्हणून मार खातो. कानात गरम तेल घालू नका. डॉक्टरला दाखवा.

आमच्याकडे एक मुलगा सहावीत आला. उंच, म्हणून मागच्या बाकावर. त्याच्या आधीच्या शाळेचा शेरा असा की हा शेजाऱ्याच्या वहीतून चोरतो. तो चोरत नव्हता, फळा उतरवून घेत होता. फक्त त्याचा फळा शेजाऱ्याच्या वहीत होता. तपासणीत दोन्ही डोळ्यांना उणे तीनचा नंबर निघाला. त्याला विचारले, “तुला दिसत नाही हे घरी का नाही सांगितलेस?” तो म्हणाला, “सर, सगळ्यांना असंच दिसतं ना?” पालकांनो, या उत्तरावर विचार करा. ज्याला कधी स्पष्ट दिसलेच नाही त्याला आपल्याला अस्पष्ट दिसते हे कळणार कसे? तक्रार येण्याची वाट पाहणे व्यर्थ आहे. वही नाकाजवळ धरणे, डोळे बारीक करून पाहणे, मान वाकडी करून टी. व्ही. पाहणे, वाचताना ओळ चुकणे, वारंवार डोके दुखणे, ही त्याची तक्रारच समजा.

आणि मुलींविषयी स्पष्ट बोलतो, कोणी रागावू नये. मुलीला चष्मा लागला तर स्थळ येणार नाही, या भीतीने तपासणीच टाळणारी घरे मी पाहिली आहेत. काही मुली चष्मा दप्तरात ठेवून शाळेत येतात, कारण फोटोत तो दिसू नये. त्या दहावीत गणितात मागे पडतात. त्यांचे गणित कच्चे आहे असे ठरते, आणि शिक्षण तेथे थांबते. चारशे-पाचशे रुपयांच्या काचेवाचून एका मुलीचे शिक्षण थांबावे, हे आपल्या संस्थेला आणि समाजाला परवडणारे नाही.

मोबाईलविषयी मी वेगळे प्रवचन देत नाही. एकच आकडा देतो. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज चाळीस मिनिटे जास्तीची उघड्या मैदानावर खेळायला दिली आणि तीन वर्षे पाहिले. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मैदानाचा जादा तास नसलेल्या शाळांत शंभरातल्या सुमारे चाळीस मुलांना लांबचे न दिसण्याचा दोष जडला, जादा खेळलेल्या मुलांत सुमारे तीस जणांना. म्हणून मुले संध्याकाळी खेळायला गेली तर त्यांना अभ्यासाच्या नावाखाली आत ओढू नका.

सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्यात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि दोष आढळल्यास पुढे पाठवतात. पथक शाळेत येते त्या दिवशी मूल गैरहजर राहू नये, एवढे पालकांनी पाहावे. पण त्या दिवसापर्यंत थांबण्याचेही कारण नाही. १८६२ साली हॉलंडचे डॉ. स्नेलन यांनी अक्षरांचा जो तक्ता तयार केला, तसा तक्ता आज आम्ही खोली क्रमांक ४ मध्ये भिंतीला लावला आहे. वीस फुटांवर खडूची रेघ मारली आहे. मुलाने रेघेवर उभे राहायचे, एकेक डोळा तळहाताने झाकायचा, बोटांनी दाबायचा नाही, आणि खालपर्यंत वाचायचे. अक्षरे न येणाऱ्यांसाठी चारी दिशांना तोंड केलेल्या इंग्रजी ‘ई’ चा तक्ता शेजारी आहे. त्याचे पाय कोणत्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायचे. ज्यांना खालच्या ओळी वाचता येणार नाहीत त्यांना आम्ही चिठ्ठी देऊ. ती चिठ्ठी म्हणजे नंबर नव्हे, डॉक्टरकडे जाण्याची आठवण आहे. चहा होईपर्यंत मी आणि माझे दोन सहकारी तेथेच आहोत. चष्मा असलेल्या मुलामुलींनी दप्तरातला चष्मा काढून, लावून यावे.